पाऊस पडल्यावर विकलेलं रान

मंडळी, मागच्या महिन्यात चुलतभावाच्या नातीच्या लग्नाला गावाकडे जाऊन आलो. पंगती उठल्या, वऱ्हाड पांगलं आणि मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून आम्ही घरचीच दहा-बारा माणसं बसलो. विषय निघाला जमिनीच्या भावांचा. (हल्ली चार माणसं जमली की दुसरा विषय निघतो कुठे!) आमच्या जुन्या विहिरीखालच्या रानाला लागून आता मोठा रस्ता गेला आहे. थोरला पुतण्या म्हणाला, "काका, आजोबांनी ते रान विकलं नसतं तर आज आपण कोट्यधीश असतो. बरं, विकलं ते तरी कधी? ऐन दुष्काळात विकलं असतं तर एक वेळ समजलं असतं. चांगला पाऊस पडल्यावर विकलं! गाव पेरणी करत होतं आणि आपले आजोबा खरेदीखत करत होते."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसू काही केल्या पचेना. म्हणून हा लेख. पुतण्या हे वाचेलच. बाकीच्यांना आमच्या घरच्या तीन एकरांशी काय देणं-घेणं, असं वाटेल. पण थोडा धीर धरा.

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहासाच्या पुस्तकात दुष्काळ कसा येतो, तर पाऊस पडला नाही, पीक बुडालं, लोक हवालदिल झाले; पुढच्या वर्षी पाऊस पडला, दुष्काळ संपला. मीही वर्षानुवर्षं असंच शिकवलं. सरकारदरबारीही हाच हिशेब. आणेवारी (पुढे तिला पैसेवारी म्हणू लागले) मोजते ती पिकाची. दावणीला किती जनावरं उरली, घरात हंडा-घागर उरली की नाही, हे त्या आकड्यात येत नाही. भाषेच्या मास्तराला गंमत वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. आपल्या राज्याने १९६३ साली चक्क कायदा करून कायद्याच्या पुस्तकांतला इंग्रजी 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि तिथे 'टंचाई' हा अर्थ आणला. कागदावरचा दुष्काळ त्याच साली संपला म्हणायचा! नऊ वर्षांनी खरा आला.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात खरा, पण तो एका वर्षाचा नव्हता. आमच्याकडे, बालाघाटाच्या अंगाला, सत्तर सालीच पावसाने हात आखडता घेतला होता. एकाहत्तरला निम्मं-शिम्मं पिकलं. त्यामुळे बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला तेव्हा घरातली कणगी आधीच तळाला लागलेली होती. आमचा सगळा भरवसा रब्बीच्या ज्वारीवर. हस्ताचा पाऊस पडला की काळ्या रानात तिफण चालायची. त्या वर्षी हस्त कोरडा गेला आणि तिफण आढ्यालाच टांगलेली राहिली. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, जिल्ह्याच्या गावी राहून बी. ए. करत होतो. दिवाळीला घरी आलो तर मायने भाकरी वाढली ती नेहमीपेक्षा लहान होती. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

घर कसं कसं खाली उतरत गेलं ते मी पाहिलेलं आहे. पहिल्यांदा खाणं कमी झालं. मग कोंबड्या आणि शेरडं गेली. मग मायचे चांदीचे गोठ गेले, तांब्याचे दोन हंडे आणि मोठं तपेलं वजनावर मोडीत गेलं. मग गाय. आणि जानेवारीत, १९७३ च्या, बैल.

आता शहरातल्या माणसाला वाटेल की शेतकरी बैल सगळ्यात शेवटी विकत असेल. जीव लावलेला असतो, त्याच्याशिवाय शेती नाही. पण एक साधी गोष्ट लक्षात घ्या : चांदी चारा मागत नाही, बैल मागतो. कडबा मिळेनासा झाला होता आणि जो मिळत होता त्याचा भाव ऐकून माणसं मुकाट्याने परत फिरत. आबांनी उसाचं वाढं आणून घातलं, झाडपाला घातला, शेवटी घराच्या छपराचं जुनं गवत काढून घातलं. बैलांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. रोज भाव उतरत होता आणि रोज बैलही उतरत होता. म्हणून जे सगळ्यात शेवटी विकायचं तेच जमिनीच्या आधी विकावं लागतं. दादा म्हणाला होता, "आबा, बैल इकल्यावर मोट कोण वढायचं?" विहिरीला तेव्हाही गुडघाभर पाणी होतं, हे ध्यानात ठेवा. आबा म्हणाले, "मेलेल्या बैलानं तरी कुठं वढायचीय?"

जोडी साडेतीनशेला गेली. दोन वर्षांपूर्वी तिला कुणी हजार रुपये दिले असते तरी आबांनी दावं सोडलं नसतं. कुणी घेतली, कुठे नेली, ते आबांनी विचारलं नाही. आम्हीही नाही.

त्यानंतर सगळं घर दुष्काळी कामावर गेलं. याबद्दल मात्र दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण आपल्या राज्याने त्या वेळी जे केलं ते लहान नव्हतं. ते कळायला जरा मागे जावं लागेल.

१६३० च्या सुमाराला दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला त्यात तुकोबांचं घर कसं मोडलं हे आपल्याला ठाऊक आहे. थोरली बायको गेली, मुलगा गेला, गुरं गेली, चालता व्यापार बसला. आपण ती गोष्ट वैराग्याची म्हणून ऐकतो. मला आता ती एका खात्यापित्या घराची म्हणूनही दिसते. महाजनकी असलेलं, दुकान असलेलं घर दोन-तीन वर्षांत उघड्यावर येतं, मग बाकीच्यांचं काय झालं असेल? पुढे इंग्रजी अमलात १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. सरकारने कामं काढली, पण रिचर्ड टेम्पल साहेबाने मजुरी ठरवली ती माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. कामं लांब, माप जबर. मुंबई इलाख्यातले हजारो मजूर १८७७ च्या सुरुवातीला ती कामं सोडून घरी निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला संपच तो! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या दिवसांत गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्यानंतर १८८० च्या कमिशनने दुष्काळाचे नियम घालून दिले. तगाईची वगैरे तरतूद असे, पण मुख्य कसोटी एकच : माणूस भुकेने मरता कामा नये.

या कसोटीवर १९७३ साली महाराष्ट्र उतरला असंच म्हणायला हवं. मे महिन्यात राज्यभरच्या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आमच्या गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं आणि रस्त्यासाठी खडी फोडायचं. माय, दादा, वहिनी जानेवारीपासूनच होते, परीक्षा झाल्यावर मीही गेलो. एकेकाळी ज्यांच्या बांधावर कामाला माणसं उभी राहत ते आणि ती माणसं, सगळी एकाच ढिगाशी बसून हातोडी चालवत होती. पहिल्या आठवड्यात माझ्या तळहाताला इतके फोड आले की भाकरी मोडता येईना. दोन-तीन रुपयांच्या आतबाहेर रोज पडायचा, तोही हप्त्याच्या हप्त्याला हातात येईलच असं नाही. दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली ती लालसर ज्वारी. तिची भाकरी थापली की चिरायची. आमच्या पिढीतल्या कुणालाही 'मिलो' म्हणा, त्याचं तोंड बघा.

सावकाराकडून एक धडा मात्र त्याच ढिगावर शिकलो. वहिनीच्या शेजारी एक बाई बसायची, बिनजमिनीच्या घरातली. ती म्हणाली, "तुमी इकून इकून हितं आलाव. आमी तर हितंच हुतो." आमच्या घराला खाली उतरायला पायऱ्या होत्या : शेरडं, गोठ, हंडे, बैल. तिच्या घराला पायऱ्याच नव्हत्या. तिचा नवरा आधीच मुंबईला गेला होता. दुष्काळात कुणी काय विकलं याचे हिशेब लागतात, पण ज्यांच्याकडे विकायलाच काही नव्हतं त्यांचं नुकसान कुठल्या वहीत लिहायचं? (वर 'सावकाराकडून' लिहिलंय ते चुकून, तो धडा त्या बाईकडून. सावकार पुढे येणारच आहे, म्हणून डोक्यात बसला असावा. राहू द्या तसंच.)

याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा लहानसा प्रयोग केला होता. दुष्काळाने तिला राज्यभर नेलं. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि पुढे २००५ साली देशभरासाठी जो कायदा आला त्याचं मूळही इथलंच. या योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ पासून व्यवसाय कर लावला. मी त्याच वर्षी नोकरीला लागलो. म्हणजे माझ्या पगारातून दर महिन्याला काही रुपये कापले जात आणि माझा सख्खा भाऊ ज्या नालाबंडिंगवर फावडं मारी तिथे ते पोचत. शिक्षकांच्या खोलीत या कपातीबद्दल कुरकुर चाले. मी कधी केली नाही.

असो. आता मूळ मुद्द्याला येतो. १९७३ चा मृग बरसला. माळ हिरवा झाला, कामावरची माणसं फावडी टाकून घराकडे धावली. टंचाई संपली. पुतण्या म्हणतो ती हीच वेळ.

पेरायला पाऊस पुरत नाही. बैल लागतात, बी लागतं आणि पीक हाती येईपर्यंत खायला लागतं. सगळ्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी हिवाळ्या-उन्हाळ्यात एकदमच बैल विकले होते, म्हणून तेव्हा भाव मातीमोल. आता सगळ्यांनाच एकदम बैल हवे होते आणि बैल तर उरलेच नव्हते. जी जोडी साडेतीनशेला गेली, तशीच, किंबहुना जरा डावीच, जोडी जूनमध्ये सोळाशेला होती. घात तर थांबत नाही. मृगाची पेरणी आठ-पंधरा दिवस लांबली की पुढचं वर्षही हातचं जातं.

एरवी अशा वेळी सावड असते. ज्याच्याकडे एक बैल त्याने दुसऱ्या एक बैलवाल्याशी जोडी जमवायची, तुझं रान आज, माझं उद्या. शेजारी आजारी पडला, बैल मेला, तर गाव सांभाळून घेतं. पण दुष्काळ एका घरावर येत नाही. तो अख्ख्या गावावर एकाच दिवशी येतो, त्यामुळे हात द्यायला कुणी उभाच नसतो. आबा चार गावं फिरून आले. ज्याच्याकडे बैल होते तो आधी स्वतःचं रान उरकणार, मग भाड्याने देणार, आणि त्याच्या दारात वीस माणसं बसलेली. तगाईसाठी अर्ज केला होता. ती मिळेपर्यंत घात गेली असती.

थोरल्या भावाच्या पेटीत आबांची वही सापडली, ती माझ्याकडे आहे. आबांचं शिक्षण चौथीपर्यंतच, पण हिशेब मोत्यासारखा. सावकाराचं देणं व्याजासह ११०० रुपये. बैलजोडी १६००. बियाणं आणि सुगीपर्यंतची ज्वारी ३००. एकूण ३०००. आणि त्याखाली एक ओळ : विहिरीखालचं रान, तीन एकर, ३०००. एक रुपया वर नाही, एक रुपया कमी नाही. लागलं तेवढंच विकलं.

कुणी म्हणेल, मग माळाचं रान विकायचं, विहिरीचं कशाला? हा प्रश्न मीही तरुणपणी आबांना विचारला होता, जरा घुश्शातच. ते म्हणाले, "माळाचं घ्यायला कोण आलं हुतं?" अडलेल्या माणसाच्या दारात गिऱ्हाईक येतं ते त्याच्या चांगल्या वस्तूला. घेणारे तालुक्याच्या गावचे व्यापारी. त्यांच्या घरात मिलो शिजला नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा रोख पैसा त्यांच्याकडेच होता. तेच रान दोन वर्षांनी विकलं असतं तर दुप्पट आलं असतं. पण दोन वर्षं थांबायला जे लागतं तेच तर दुष्काळाने नेलेलं असतं.

आबा चुकलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. एकाहत्तर सालीच, अंगात बळ असताना, बैल आणि गाय विकून पैसा गाठीला बांधला असता तर कदाचित रान राहिलं असतं. पण सलग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पाऊस दगा देणार हे ठाऊक असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्या सोळाशेच्या बैलांचं पुढे काय झालं तेही सांगतो. त्र्याहत्तरला ज्वारी बरी आली, पण खातं घर आणि कमी झालेलं रान, भागेना. दसऱ्यानंतर दादा आणि वहिनी गाडी जुंपून ऊसतोडीला गेले, नगरकडच्या कारखान्यावर. मुकादमाची उचल घेतलेली. आमच्या भागातून असे जथेच्या जथे दुष्काळानंतर निघू लागले आणि मग ते थांबलेच नाहीत. स्वतःची बैलगाडी असली की तोडीबरोबर वाहतुकीचेही पैसे सुटतात, म्हणून दादाला जोडीवाल्यांपेक्षा बरं पडलं. सात हंगाम गेला तो. पुतण्या, तुझा जन्म तिथल्या कोपीतला, हे तुला आईने सांगितलं असेलच. पुढे मास्तर झाल्यावर दिवाळीनंतर माझ्या वर्गात पटावर चाळीस नावं असायची आणि बाकांवर पंचवीस पोरं. मी हजेरी घेताना त्या पंधरा नावांपाशी उगाच थांबायचो.

आता दुष्काळाचं रूप बदललं आहे. बहात्तरला धान्य नव्हतं, विहिरीला थोडंफार पाणी होतं. २०१२-१३ ला रेशनवर धान्य होतं, पाणी टँकरने यायचं. २०१६ च्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. जालन्याकडे माझ्या मेहुण्याची बारा वर्षांची मोसंबीची बाग होती. बैल चारा मागतो तशी बाग पाणी मागते. त्याने तीन बोअर घेतले, दोन कोरडे गेले. मग टँकर विकत घेऊन झाडं जगवली, मार्चपर्यंत. एप्रिलात हात टेकले. त्याने जमीन विकली नाही, दागिना मोडला नाही, सगळं कर्जावर झालं. २०१३ च्या जूनमध्ये चांगला पाऊस पडला. मी भेटायला गेलो तेव्हा तो भर पावसात वाळलेल्या मोसंबीची खोडं सरपणाला तोडत होता. नवी कलमं लावायची तर फळ धरायला पाच वर्षं. बँकेचे हप्ते मात्र लगेच सुरू. मला एकदम आबा आठवले, आषाढातल्या चिखलातून तालुक्याला निघालेले, डोक्यावर पोत्याची खोळ.

आता जे मांडवात बोललो नाही ते. सावकाराच्या त्या ११०० रुपयांचा तपशील वहीच्या आदल्या पानावर आहे. एकाहत्तरची ज्वारी, लोखंडी पाट्यांची दुरुस्ती, बहिणीचं बाळंतपण, अशा नोंदी आहेत. आणि तीन ठिकाणी लिहिलंय, 'धाकट्यास, खाणावळ व फी.' तिन्हींची बेरीज ४१०. त्या हिशेबाने तीन एकरांतले सोळा-सतरा गुंठे माझ्या बी. ए.त गेले. दादाने जन्मात कधी ते बोलून दाखवलं नाही. त्याला वही वाचता येत होती.

पुतण्याला वही पाहायची असेल तर दिवाळीत घरी यावं. पानं फार जीर्ण झाली आहेत, झेरॉक्सला देववत नाहीत. इथेच बसून वाचावी लागेल.